घर आमचं, खाण कुणाची?

जांभ्या चिऱ्याचं घर उभं राहिलं की तेवढीच पोकळी कुठल्यातरी सड्यावर तयार होते. घराची वास्तुशांत होते, वाडी जेवून जाते. त्या पोकळीचं पुढे काय झालं हे पाहायला यजमान जात नाही, गवंडी जात नाही आणि खाणमालक तर फिरकतही नाही. चिरा संपला की मशीन उचलायचं आणि पुढच्या कातळावर नवी खाण काढायची. मागे राहतो सरळ कापलेल्या भिंतींचा, दोन-तीन पुरुष खोल उघडा हौद. रत्नागिरीचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. तो चार महिने त्या हौदात कोसळत राहतो.

धो धो पाऊस चालू असतो तोवर डासाच्या अळ्या वाहून जातात. गणपती गेले, पाऊस थांबत थांबत येऊ लागला, ऊन तापू लागलं, की खाणीतलं पाणी निवळतं. त्या दिवसांत खाणीच्या काठाशी ओणवं होऊन एखादं पांढरं भांडं कडेकडेने हलकेच बुडवावं. पाणी इतकं नितळ असतं की भांड्याचा तळ स्वच्छ दिसतो. चिऱ्याच्या कडेला शेवाळाची हिरवी रेघ असते आणि तिच्या आसपास बारीक, काळपट अळ्या. गटारातल्या डासाची अळी डोकं खाली करून पाण्यात लटकते. ही मात्र पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असते, आणि भांडं हललं की झटक्याने बाजूला सरकते. हीच मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीस डासाची अळी. उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत तिचा डास होतो आणि एक-दोन किलोमीटर तो सहज उडतो. सड्याखालची वाडी तेवढ्या अंतरावर असतेच.

२० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. सव्वाशे वर्षं उलटून गेली. शाळेतलं पोरही आज सांगेल की मलेरिया डासामुळे होतो. तरी गावात चार माणसं हिवाने हुडहुडू लागली की पारावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘खाणीवरच्या लोकांनी आणला.’ नाहीतर बागेतल्या नेपाळ्याने आणला, नाहीतर बोटीवरच्या खलाशाने आणला. हे वाक्य बोलताना आपल्याला कधी लाज वाटली आहे का?

परगावचा मजूर रक्तात जंतू घेऊन येऊ शकतो, हे खरं आहे. पण त्या रक्तातला जंतू आपोआप दुसऱ्याच्या अंगात जात नाही. त्याला ॲनोफिलीसची मादी चावावी लागते, तिच्या पोटात तो जंतू दहा-बारा दिवस वाढावा लागतो, आणि मग ती दुसऱ्याला चावावी लागते. ती मादी मजुरांबरोबर कर्नाटकातून येत नाही आणि नेपाळातून तर नाहीच. ती आपण खणलेल्या खाणीत, आपल्या उघड्या टाकीत, आपल्या न्हाणीमागच्या पिंपात जन्मते. मजुराच्या अंगातला ताप आपल्या मुलाच्या अंगापर्यंत पोचवण्याची सगळी सोय आपण स्वतः करून ठेवली आहे आणि बोट मात्र त्याच्याकडे दाखवतो.

आणि तो मजूर राहतो कुठे? खाणीच्याच काठावर, निळ्या ताडपत्रीच्या झोपडीत. दार नाही, खिडकी नाही, मच्छरदाणी नाही. हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणजे नेमका माणूस दमून झोपलेला असताना. आंब्याच्या मोसमात गुरखे रात्र रात्र उघड्यावर राखण करतात आणि शेजारी फवारणीच्या पाण्याचे हौद नि ड्रम उघडे पडलेले असतात. पेटीचा भाव ठरवताना आपण एकेक आंबा चाचपून बघतो. तो आंबा राखणाऱ्याला रात्री अंगावर ओढायला जाळी आहे का, एवढं मात्र कुणी विचारत नाही. मिरकरवाडा बंदरात बोट लागली की मासळीचा लिलाव मिनिटात होतो, आणि तापाने फणफणलेला खलाशी जाळ्यांच्या ढिगावर पडून असतो.

आशाताई तिथे जाते. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेते. व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस, असा उपचार आहे. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, मजूर कामावर उभा राहतो आणि उरलेल्या गोळ्या तशाच राहतात. जंतू यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो. ‘अडाणी लोक, गोळ्या खात नाहीत’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण आजारपणाच्या दिवसाची मजुरी ज्याला मिळत नाही, उद्या तो याच तालुक्यात असेल की दुसऱ्या हेही ज्याला ठाऊक नाही, त्याने चौदा दिवसांचा हिशेब कसा ठेवायचा? तो हिशेब मुकादमाने ठेवायचा, मालकाने ठेवायचा. खाणीवर राबणारी गरोदर बाई असेल तर तिला प्रायमाक्विन देताही येत नाही. मलेरियाने तिच्या अंगातलं रक्त उतरतं आणि मूल हलकं जन्मतं. त्या बाईचं नाव आपल्या गावाच्या कुठल्या वहीत आहे?

पाण्याच्या बाबतीत आपला समाज फार सोवळा आहे. १९२७ साली इथून जवळच, महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्य ठरवलेली माणसं पाणी प्यायली, तर त्या तळ्यात पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं. त्याआधी मुंबईत बेंटली या डॉक्टरांनी १९११ साली मलेरियाचं मूळ म्हणून घरोघरच्या विहिरींकडे बोट दाखवलं होतं, तेव्हा विहिरी बंद करायला धर्माच्या नावाने विरोध झाला. पाण्याला कुणाचा हात लागला याची आपण पिढ्यान्‌पिढ्या चौकशी केली. पाण्यात काय वळवळतं आहे हे बघायला मात्र वाकलो नाही. आजही विटाळ मानायचा तो माणसाचाच. ताडपत्रीतल्या मजुराला आपल्या विहिरीवर कळशी भरू देताना कपाळाला आठी पडते, आणि त्याच विहिरीवर झाकण नाही, जाळी नाही, याचं काही वाटत नाही.

एवढा पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात एप्रिल-मे आला की वाड्या टँकरची वाट बघतात. पऱ्ये आटतात, विहिरींचा तळ दिसतो. मग जे पाणी येतं ते पिंपात, बॅरलमध्ये, सिंटेक्सच्या टाकीत पंधरा पंधरा दिवस साठवलं जातं. बाईने ते जीव टाकून साठवलेलं असतं. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, असं आरोग्यसेवक सांगून जातो. तिने ते पाणी ओतायचं कुठे आणि उद्या भरायचं कुठून? तिच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार कुणालाच नाही. तिला घट्ट बसणारं झाकण द्या, हौदात सोडायला गप्पी मासे द्या आणि आधी पाणी द्या. नळाच्या योजनेचं काम अर्धवट टाकून बिल उचलणारा माणूस मलेरियाला हातभार लावतो. त्याचा सत्कार करताना तरी आपला हात अडखळला पाहिजे.

चाकरमान्यांनाही मला सांगायचं आहे. गावात टुमदार बंगला बांधलात, आनंद आहे. गणपतीला आणि शिमग्याला कुलूप उघडतं, बाकीचे दहा-अकरा महिने घर बंद. गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने केव्हाच उडालेलं असतं. बांधकाम चालू असताना स्लॅबवर आळी करून साठवलेलं पाणीही कुणी मोडत नाही. शेजारच्या म्हातारीला डास तुमच्या टाकीतला चावतो. झाकणाचे पैसे मुंबईहून पाठवता येतात.

या कामात यश येत नाही, हा बहाणाही खोटा आहे. गोव्यात १९८६ पासून पणजी आणि पुढे किनाऱ्यावरची गावं मलेरियाने पछाडली, बांधकामांच्या पाण्यात डास माजले. तिथे मजुराची रक्ततपासणी आणि आरोग्यपत्रिका कायद्याने आणली आणि ती जबाबदारी कंत्राटदारावर टाकली. आज गोव्यात मलेरिया फार थोडा उरला आहे. देशानेही एकदा करून दाखवलं होतं. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. साठच्या दशकात रुग्ण लाखाच्या आसपास आले. मग संपलाच म्हणून सगळे निवांत झाले आणि १९७६ साली आकडा चौसष्ट लाखांवर गेला. महाराष्ट्रातला मलेरिया आज मुख्यतः गडचिरोलीत आणि मुंबईत आहे. म्हणून रत्नागिरीने निवांत व्हायचं असेल, तर १९७६ आठवावं.

आपल्या गावकीला एकत्र बसणं माहीत नाही असं नाही. पालखी कुणाच्या दारी आधी जायची, मान कुणाचा, यावर रात्र रात्र बैठका चालतात आणि निकाल लागेपर्यंत कुणी उठत नाही. या बैठका भरतात त्याच सहाणेवर गावातल्या उघड्या चिरेखाणींचा विषय निघू दे. चिरा काढायला महसूल खात्याचा परवाना लागतो, ब्रासवर स्वामित्वधन भरावं लागतं. म्हणजे कुठली खाण कुणाची, याचा कागद तहसिलात आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला खाणी तुडुंब भरलेल्या असतात. त्या दिवशी तो कागद मागवा आणि एकेक नाव मोठ्याने वाचा. खाण बुजवणार की कुंपण घालून मासे सोडणार, मजुरांना मच्छरदाण्या कधी देणार, तापाच्या दिवसाची मजुरी देणार की नाही, ही उत्तरं मालकाच्या तोंडून घेऊन इतिवृत्तात लिहा. मालक सरपंचाचा भाऊ असेल, देवस्थानचा मानकरी असेल, तुमचा आमचा व्याही असेल. तरी त्याचं नाव वाचा. आणि ती ग्रामसभा खाणीवरच्या माणसांना ऐकू जाईल अशा जागी भरवा. त्यांनाही त्या दिवशी बोलू द्या.