भरवसा काढ्यावर, संशय गोळीवर

चौतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे जमा-नावे पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय अंगी मुरली. घरच्या आजारपणात मात्र ती मी विसरलो.

मुलुंडच्या आमच्या गॅलरीत गुळवेल आहे. २०२० च्या करोनाकाळात तिचा काढा रोज होई. पुढे एका वर्षी पत्नीला थकवा येऊ लागला. ‘आता वय झालं’ म्हणून आम्ही तीन महिने घालवले. डोळे पिवळे झाले, तेव्हा शेजारच्या वहिनींनी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता दिला. अखेर रक्ताच्या तपासण्या आणि यकृताची बायॉप्सी झाल्यावर नाव कळले: ऑटोइम्यून हिपॅटायटिस. यात शरीराची संरक्षक फौजच यकृतावर उलटते. बायकांत हा आजार अधिक दिसतो आणि साठीनंतरही होतो.

डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन सुरू केले, पुढे त्याला अ‍ॅझाथायोप्रिनची जोड दिली. दोन महिन्यांत डोळे स्वच्छ झाले आणि मीच शहाणपणा केला. “स्टेरॉइड वाईट. कर बंद!” तिने माझे ऐकले. काही आठवड्यांत आजार परतला. ती चूक माझी.

काढ्याने तिला हा आजार झाला, असे मी म्हणणार नाही. पण मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि तिचे रूप या आजारासारखे होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांनी मिटवावा; आपण काय घेतो ते डॉक्टरांपासून लपवू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

स्टेरॉइडची भीती खोटी नाही. उतारवयात हाडे ठिसूळ होतात, साखर आणि रक्तदाब वाढतो, मोतीबिंदू होतो. म्हणून तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व देतात, हाडांची घनता आणि रक्तातल्या पेशी तपासतात. ही झाली नावेची बाजू. जमेला काय? वय झालेल्यांनाही या औषधांचा चांगला गुण येतो. उपचार न केल्यास यकृत कायमचे निकामी होऊ शकते.

गुळवेल अजून गॅलरीत आहे. काढा बंद आहे. गोळ्यांची वही मी लिहितो. त्यातली एक ओळही खोडायची, तर सही डॉक्टरांची लागते.