विषावर वाढणारे शिंपले

वायव्य प्रशांत महासागरातील कुरिल-कामचत्का आणि अल्युशियन या सागरी गर्तांच्या तळाशी, ५,८०० ते ९,५३३ मीटर खोलीवर, शिंपले आणि नळीकृमींच्या दाट वसाहती आढळल्याचा शोधनिबंध जुलै २०२५ मध्ये ‘नेचर’ने प्रसिद्ध केला. चिनी संशोधकांनी त्यासाठी आदल्या वर्षी माणसे घेऊन जाणाऱ्या पाणबुडीतून तेथे बुड्या मारल्या होत्या. ‘सूर्याविना जीवन’ अशा मथळ्यांनी बातमी गाजली. खरी बातमी मात्र शिंपल्यांखालच्या गाळात आहे.

समुद्रतळातून मिथेन पाझरतो अशा जागांना ‘कोल्ड सीप’ म्हणतात. या गर्तांमधला मिथेन वरून पडलेल्या सेंद्रिय गाळापासून सूक्ष्मजीवांनी तयार केलेला आहे, असे समस्थानिकांच्या तपासणीत दिसले. वर येताना त्याची समुद्राच्या पाण्यातील सल्फेटशी गाठ पडते. गाळातले दोन प्रकारचे सूक्ष्मजीव भागीदारीत, ऑक्सिजनशिवाय, या दोहोंची अभिक्रिया घडवतात. त्यातून बायकार्बोनेट आणि सल्फाइड तयार होते. बायकार्बोनेटचा काही भाग कॅल्शियमशी मिळून चुनखडीचे कवच बनतो, आणि सल्फाइडवर शिंपले जगतात.

हायड्रोजन सल्फाइड हा तोच वायू, जो मॅनहोलमध्ये उतरलेल्या सफाई कामगारांचा जीव घेतो. सायनाइडप्रमाणेच तो पेशीतील ऑक्सिजन वापरणारे विकर बंद पाडतो. कुजक्या अंड्यांचा वास सुरुवातीला सावध करतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि धोका टळल्यासारखे वाटते.

मग हे शिंपले मरत कसे नाहीत? ते आपला मांसल पाय गाळात खोल खुपसून सल्फाइड शोषतात आणि शरीराचे दुसरे टोक पाण्यात ठेवून ऑक्सिजन घेतात. रक्तातील जस्तयुक्त प्रथिन सल्फाइडला पकडून ठेवते, त्यामुळे ते पेशींच्या श्वसनात अडथळा न आणता कल्ल्यांपर्यंत पोहोचते. ऑक्सिजन वाहायला हिमोग्लोबिन असतेच. हे रक्त माणसासारखे लाल असते. कल्ल्यांमधले जिवाणू सल्फाइड जाळून अन्न बनवतात. कोकणातल्या तिसऱ्या पाणी गाळून पोट भरतात. या खोल पाण्यातल्या भावंडांचे आतडे जवळजवळ निकामी झालेले असते. जिवाणूही अंड्यातूनच पुढच्या पिढीकडे जातात. २००७ मध्ये त्यांचे जनुकसंच वाचले गेले, तेव्हा स्वतंत्र जगण्याला लागणारी बरीच जनुके त्यांनी गमावल्याचे दिसले.

सूर्याशी संबंध मात्र सुटलेला नाही. जाळायला लागणारा ऑक्सिजन वरच्या हिरव्या जीवांनीच बनवलेला असतो, आणि मिथेनचा कच्चा मालही वरूनच पडलेला असतो.

शिंपले नुसते आयते खात नाहीत. गाळात खुपसलेल्या पायाच्या हालचालींमुळे सल्फेटयुक्त पाणी खोलवर जाते आणि मिथेन खाणाऱ्या सूक्ष्मजीवांना नवा पुरवठा मिळतो. बहुतांश मिथेन गाळातच संपतो, तो अशा व्यवस्थेमुळे.

भारताचा संबंध येथेच येतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २००६ च्या मोहिमेत गॅस हायड्रेटचा, म्हणजे बर्फात अडकलेल्या मिथेनचा, सुमारे १२८ मीटर जाडीचा थर आढळला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना याच खोऱ्याच्या गाळात अशा शिंपल्यांची जुनी कवचे मिळाली, आणि २०१८ मध्ये ‘सिंधु साधना’ जहाजावरील मोहिमेत जिवंत कोल्ड सीपही सापडले. आयात इंधनाला पर्याय म्हणून या साठ्याकडे पाहिले जाते, त्यात गैर काही नाही. जपानने २०१३ मध्ये समुद्रातील हायड्रेटमधून वायू काढून दाखवला. विहिरीत वाळू शिरल्याने चाचणी सहा दिवसांत थांबली.

खोदले की समुद्र मिथेन ओकू लागेल, या भीतीला आधार नाही. काढण्याजोगा साठा बहुधा तळाच्या बराच खाली असतो. पण सीपना मिथेन पुरवणाऱ्या भेगा खोल थरांपर्यंत जाऊ शकतात. खालचा दाब बदलला, तर वर पोहोचणारा मिथेन कमी होईल किंवा वाढेल. कमी झाला तर शिंपले उपाशी मरतील. फार वाढला तर सूक्ष्मजीवांची क्षमता अपुरी पडून तो पाण्यात निसटेल. कोणता बदल झाला हे ओळखायला आधीची नोंद हवी: गाळाच्या कोणत्या खोलीवर सल्फेट संपते, सल्फाइड किती, शिंपले जिवंत किती आणि नुसती कवचे किती. ही मोजणी पहिल्या चाचणी विहिरीच्या आधी, वर्षातून अनेकदा व्हायला हवी. विहीर खोदल्यानंतर ती करून उपयोग नाही.