पिलू ओळखायची घाई नको

पिले निघाली, की घरात वाद सुरू होतो : यात तलंगा किती आणि कोंबडे किती? टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, असे म्हातारी माणसे म्हणतात. माझ्या मते ते खरे नाही. नर की मादी हे अंड्याला कवच येण्याआधीच ठरलेले असते. आकाराचा काही संबंध नाही.

एक दिवसाच्या पिलाची मागची बाजू पाहून ओळखण्याची विद्या जपानी शास्त्रज्ञांनी १९२० नंतर शोधली. पण ते सरावलेल्या माणसाचे काम. आपण दाबायला गेलो तर पिलूच मरायचे !

म्हणून दीड-दोन महिने थांबावे. कोंबड्याचा तुरा लवकर वाढून लाल होतो, पाय जाड दिसतात. असीलचा तुरा मुळातच बारीक, तिथे फसगत होते. मग तीन महिन्यांनी पिसे बघा. नराची मानेवरची व कमरेवरची पिसे लांब, टोकदार, मादीची गोलसर.

जातीचेही तसेच. काळे पिलू दिसले की बाजारात लगेच 'कडकनाथ' म्हणतात. झाबुआकडच्या या जातीची नुसती पिसे नव्हे, कातडी आणि जीभसुद्धा काळसर असते. संकराच्या पिलातही हा काळेपणा येतो, म्हणून जमल्यास त्याचे आईबाप बघावेत.

अंड्यांचे पैसे आईच्या हातात येतात, त्यातूनच आपल्या वह्या येतात. कोंबडा समजून तलंग विकली तर पुढची सगळी अंडी गेली. म्हणून पालकांनो, व्यापारी घाई करील, आपण करू नये.

— इयत्ता ७ वी