गर्भवतीला न विचारलेले प्रश्न

धाराशिव जिल्ह्यातील लोहाऱ्यासारख्या तालुक्यात गर्भवती स्त्री उपकेंद्रात येते, तेव्हा तिचे वजन होते, रक्तदाब मोजला जातो, रक्त तपासले जाते, धनुर्वाताची लस दिली जाते. कार्डावर नोंदी होतात आणि तपासणी संपते. अंगावरून पांढरे जाते का, लघवीला जळजळ होते का, संबंधाच्या वेळी वेदना होतात का, मनाविरुद्ध बळजोरी होते का, हे प्रश्न बहुधा राहून जातात. शेजारी सासू बसलेली असताना ते विचारले, तरी खरे उत्तर कसे मिळावे?

हे मौन शालीनतेचे नव्हे, घातक आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील 650 स्त्रियांची पाहणी करून 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. शेकडा 92 स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग होते. पूर्वी अशी तपासणी झालेल्या शेकडा 8 होत्या. ती पाहणी केवळ गर्भवतींची नव्हती. पण तेच दुखणे अंगावर काढत स्त्री गरोदर होते. उपदंशावर उपचार झाले नाहीत, तर मूल पोटातच दगावू शकते. पेनिसिलीनने हे टळते. मात्र पतीवरही उपचार व्हावे लागतात. उलट, निरोगी गर्भावस्थेत शरीरसंबंध सहसा अपायकारक नसतो. रक्तस्राव होत असेल, पाणी जात असेल वा वार गर्भाशयाच्या मुखावर असेल, तर तो टाळावा. एवढे साधे ज्ञानही तिला कोणी देत नाही.

दोष नर्सबाईंच्या माथी मारणे सोपे आहे. सपाट प्रदेशात एका उपकेंद्रामागे 5000 लोकसंख्येचे मान आहे. लसीकरण, नोंदवह्या, उद्दिष्टे यांच्या ओझ्याखाली, अनेकदा कंत्राटी नोकरीच्या टांगत्या तलवारीखाली राबणाऱ्या स्त्रीने विश्वासाचे दोन शब्द बोलायचे कधी आणि कोठे? तिला कायम नोकरी हवी, या विषयाचे शिक्षण हवे, प्रत्येक गर्भवतीशी एकांतात बोलण्याचा वेळ हवा आणि पतीला बोलावून घेण्याचा अधिकार हवा.

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात आज याच तालुक्यात असलेले सास्तूर उद्ध्वस्त झाले. त्यानंतर या भागात नवी गावे वसली, कारण शासनाने ते मनावर घेतले. तपासणीच्या खोलीला एक दार आणि एक पडदा मिळण्यासाठी आणखी कोणत्या भूकंपाची वाट पाहावयाची?