फुकटचा अमानतदार सर्वांत महाग पडतो

दुकानातील मालाचा विमा उतरवताना आम्ही व्यापारी मागेपुढे पाहत नाही. भिवंडीहून आलेला ताका मीटरभर कमी भरला तर त्याच दिवशी दलालाला कळवतो. उधारीची वही रोज संध्याकाळी उघडतो. पण उद्या आमचे डोळे मिटले तर हे दुकान, ही येणी, बँकेचे कर्ज आणि शाळेत जाणारी मुले कोणाच्या हाती जाणार, असे कोणी विचारले की आमचे उत्तर ठरलेले असते: "भाऊ आहे ना!" किंवा "मामू बघून घेतील." या उत्तराविषयी आज आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंशी दोन शब्द बोलायचे आहेत.

बाजारात वारंवार दिसणारा प्रकार असा. कर्ता व्यापारी गेला. धाकट्या भावाने आपले काम सांभाळून मरहूम भावाचेही दुकान आठ-दहा वर्षे चालवले, पुतण्यांच्या फिया भरल्या, भाचीचे लग्न लावून दिले. पुतणे मोठे झाले आणि त्यांनी हिशेब मागितला. चाचा म्हणाला, "तुम्हाला वाढवले, त्याचा काय हिशेब द्यायचा?" पुतणे म्हणाले, "आमच्या बापाच्या मालाचे काय झाले?" दोन्ही घरांचे बोलणे बंद. आता यात बेईमान कोण? बहुतेक वेळा कोणीच नसते. चाचाला हिशेब ठेवायला कोणी सांगितले नव्हते, आणि त्याच्या मेहनतीचे मोलही कोणी ठरवले नव्हते. ज्याला मेहनताना दिला नाही त्याच्याकडे हिशेब मागण्याची सोय राहत नाही, आणि मागितला तर तो अपमान ठरतो. आमच्या मते सारा घोटाळा इथे आहे.

दीनची शिकवण याहून वेगळी आहे. यतीमांच्या मालाविषयी सूरह निसाच्या आरंभीच स्पष्ट हुकूम आहेत. सांभाळणारा सुखवस्तू असेल तर त्याने त्या मालापासून दूर राहावे. गरजू असेल तर रिवाजाप्रमाणे वाजवी तेवढे घ्यावे. आणि माल परत सोपवताना साक्षीदार ठेवावेत. म्हणजे मेहनताना घेणे पाप नाही आणि साक्ष मागणे म्हणजे अविश्वास नाही. आम्ही मात्र दोन्ही गोष्टींना लाज मानून बसलो आहोत.

आता कायद्याचे पाहू, कारण गैरसमज येथेच जास्त आहेत.

पहिला गैरसमज मुखत्यारपत्राचा. "मुखत्यारपत्र करून ठेवले आहे, काळजी नाही" असे पुष्कळ जण म्हणतात. साधे मुखत्यारपत्र ते करून देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. ज्या दिवशी खरी गरज लागते त्याच दिवशी तो कागद निकामी होतो.

दुसरा गैरसमज नॉमिनीचा. बँकेत किंवा शेअरवर नाव लावले म्हणजे तो मालक झाला, असे नाही. मुंबईच्या साळगावकर कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी सांगितले की शेअरचा नॉमिनी वारसांना डावलून मालक होत नाही. तो पैसे ताब्यात घेणारा हात आहे, हक्क वारसांचाच.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक. नाबालिग मुलांच्या मालमत्तेचा पालक म्हणून आपल्याकडे आई, मोठा भाऊ किंवा चाचा आपोआप पुढे होतो. आमच्या वैयक्तिक कायद्यात हा अधिकार बापाला, बापाने वसियतीने नेमलेल्या वसीला, आजोबांना आणि आजोबांनी नेमलेल्या वसीला आहे. यांपैकी कोणी नसेल तर न्यायालयाने नेमलेल्या पालकाला. इमामबांदी विरुद्ध मुतसद्दी या १९१८ च्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने ठरवून दिले की आईने केवळ आई म्हणून नाबालिगाची स्थावर मालमत्ता विकली तर ती विक्री मुलांवर बंधनकारक नाही. बापाने मात्र हयातीतच मुलांच्या आईला वसी नेमले तर तिला तो अधिकार मिळतो. एका कागदाने होणारे हे काम न केल्यामुळे विधवांना पालकत्वासाठी १८९० च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि पालकत्व मिळाल्यावरही जमीन विकायची तर पुन्हा न्यायालयाची परवानगी लागते.

गास, सोपारा, निर्मळ या आमच्या पट्ट्यात हा विषय आणखी नाजूक आहे. कालपर्यंत भाजी, केळी आणि फुलांची वाडी असलेल्या जमिनीकडे आज बिल्डरचे लक्ष आहे. एक मुलगा आखातात, एक मुंबईत, मुलगी सासरी. अशा घरात बापामागे सह्या गोळा करणारा पहिला माणूस बहुधा जमिनीचा दलाल असतो. त्याच्या आधी आपला अमानतदार दारात उभा असला पाहिजे.

मग व्यावसायिक विश्वस्त म्हणजे कोण? जो मेहनताना घेऊन दुसऱ्याची मालमत्ता दुसऱ्याच्याच फायद्यासाठी सांभाळतो आणि पैशापैशाचा हिशेब देतो, तो. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात २००६ च्या कायद्याने अशा लोकांना सरकारी परवाना बंधनकारक झाला. आपल्याकडे असा वेगळा परवाना नाही, पण व्यवस्था जुनी आहे. मुंबईच्या सेंट्रल बँकेने १९२९ मध्येच वसियतीची व विश्वस्ताची कामे पाहणारे खाते काढले होते. आज ट्रस्टी कंपन्या ही कामे करतात, पण त्यांचा कल मोठ्या मालमत्तेकडे असतो. सरकारचा अधिकृत विश्वस्तही आहे. त्याचा कायदा १९१३ चा आहे. मात्र धार्मिक कामाचा किंवा धंदा चालवावा लागेल असा ट्रस्ट, नियमांत सोय असल्याखेरीज, तो स्वीकारत नाही. म्हणजे चालते दुकान त्याच्याकडे सोपवता येईल असे समजू नये.

लहान व मध्यम व्यापाऱ्यासाठी राहतो तो जवळचा मार्ग: चार्टर्ड अकाउंटंट किंवा वकील. चार्टर्ड अकाउंटंटच्या व्यवसाय-नियमांत विश्वस्त व वसी म्हणून काम करण्याची मुभा आहे. आमची सूचना अशी की एकटा परका नको आणि एकटा नातेवाईकही नको. दोघे मिळून नेमावेत. घरचा माणूस मुलांची गरज जाणतो, व्यावसायिक माणूस वही जाणतो. एकाची सही दुसऱ्याशिवाय चालणार नाही, असे कागदात लिहावे.

नेमताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

त्याचे संस्थेचे सदस्यत्व किंवा वकिलीची सनद चालू आहे का, याची खात्री करावी. तो स्वतः जमिनीचा दलाल, बिल्डर किंवा आपला देणेकरी नसावा. १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्यात विश्वस्ताने ट्रस्टच्या मालमत्तेतून स्वतःचा फायदा करू नये, आणि विकायची जबाबदारी असलेल्याने तीच मालमत्ता स्वतः विकत घेऊ नये, असे सांगितले आहे. मग असा माणूस मुळात नेमायचाच कशाला?

मेहनताना आधी ठरवावा आणि लिहावा. त्याच कायद्याप्रमाणे दस्तऐवजात किंवा करारात तरतूद नसेल तर विश्वस्ताला सहसा मोबदला मागता येत नाही. ठरवलेला मोबदला दिला की तो चोरवाटेने घेण्याचे कारण उरत नाही. विक्रीच्या रकमेवर टक्केवारी मात्र शक्यतो देऊ नये. तशाने माणूस विकण्याच्या घाईला लागतो.

हिशेब कोणाला व केव्हा द्यायचा तेही लिहावे. वर्षातून एकदा, लेखी, घरातील दोन जाणत्या माणसांसमोर. त्यात मुलांची आई असलीच पाहिजे. पैसे त्याच्या खात्यात नव्हे, वेगळ्या खात्यात. तो मरण पावला किंवा काम सोडले तर पुढे कोण, त्याचेही नाव लिहावे.

आणि वसीला आपले देणेघेणे ठाऊक पाहिजे. कफन-दफनाचा खर्च, मग कर्जे, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसियत, मग वारसांचे हिस्से, हा क्रम सर्वांना पाठ असतो. पण बायकोचा न दिलेला मेहर हेही कर्जच आहे, हे कितीजण यादीत लिहितात? कारागिराला दिलेली आगाऊ रक्कम, आडत्याकडे पडून असलेला माल, तोंडी उधार, हे सर्व आपल्याबरोबर कबरीत जाते. मुसलमानाची वसियत तोंडीही चालते, पण तोंडी वसियतीवर भांडणेही तोंडीच होतात. कागद करावा, त्यावर दोन साक्षीदार घ्यावेत. हयातीतच दुकान किंवा जमीन ट्रस्टमध्ये घालायची असेल तर दस्तऐवज नोंदणीकृत हवा.

काही बंधू म्हणतील, "घरचा पैसा परक्याला दाखवायचा?" अहो, आयकराच्या विवरणासाठी तोच पैसा दरवर्षी आपण अकाउंटंटला दाखवतोच. दुसरे म्हणतील, "आमचे दुकान लहान, हा खर्च परवडत नाही." लहान दुकानाला हिशेबाची गरज अधिक असते, कारण त्यात चुकायला जागा कमी असते. वर्षाला एकदा हिशेब तपासून सही करण्यापुरता माणूस नेमला तरी पुष्कळ आहे. सणासुदीला दुकानाच्या रोषणाईवर खर्च करणाऱ्यांनी एवढ्यासाठी हात आखडता घेऊ नये.

भावावर विश्वास ठेवू नका, असे आम्ही म्हणत नाही. उलट भावाचे नाव स्वच्छ राहावे म्हणूनच हे सांगतो. लिहिलेला मेहनताना आणि लिहिलेला हिशेब यांनी चाचाचे रक्षण होते, तेवढेच पुतण्यांचेही होते. या महिन्यात ज्यांनी वसियत केलेली नाही त्यांनी आपली येणी, देणी आणि मेहर एका कागदावर उतरवावीत आणि ज्याला वसी करायचे त्याला समोर बसवून विचारावे: काम करशील का, आणि काय घेशील? दुसरा प्रश्न विचारायला संकोच करू नये.