एका बरणीची बाग

फ्लॅटला अंगण नाही, गॅलरीही खोलीत गेली. मग घरची भाजी कुठली? मातीविना, पोषक पाण्यावरची बाग हे त्याचे उत्तर. पण महागडे संच पाहून हौस दुकानातच विरते. वास्तविक १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी कालिंपोंगला हे तंत्र सोपे, स्वस्त करण्याचाच ध्यास घेतला होता. आपणही एका बरणीपासून सुरुवात करावी. शेवाळ धरू नये म्हणून तिला कागद गुंडाळावा आणि उन्हाच्या खिडकीत ठेवावी. पुदिन्याच्या काडीला साध्या पाण्यात मुळे फुटली की विरघळणारे खत मापाने घालावे. निम्मी मुळे हवेत राहू द्यावीत. सगळी बुडाली तर गुदमरतात. एका जुडीमागे किती दिवसांची राखण असते हे घरात कळले, तर मंडईत रुपयासाठी घासाघीस करताना जीभ अडखळेल.