घरकुल गावाकडे, बिऱ्हाड फडावर

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतली गावे रिकामी होऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पिठाचे डबे, गोधड्या, शेळ्या आणि पोरे एकत्रच चढतात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि दारांवरची कुलपे. पश्चिम महाराष्ट्रात आणि थेट बेळगावपर्यंत ऊसतोडीला जाणाऱ्या मराठवाड्यातल्या व आसपासच्या जिल्ह्यांतल्या मजुरांची संख्या दहा लाखांच्या घरात असल्याचे सांगितले जाते. ही माणसे पुढचे पाच-सहा महिने राहतात कुठे, हा प्रश्न साखरेचा भाव आणि उसाची एफआरपी यांच्या गदारोळात क्वचितच विचारला जातो.

ती राहतात कोपीत. बांबूच्या चार-सहा काठ्या, त्यांवर तट्ट्या किंवा ताडपत्री, अंगाखाली पाचट. मध्यभागी उभे राहिले तर डोके जेमतेम मावते. दार नाही, म्हणून कडी नाही. पहाटे तीन-चारला बायका उठतात आणि अंधार आहे तोवर फडाच्या आडोशाला जाऊन येतात; न्हाणीही चार काठ्यांना गुंडाळलेल्या लुगड्याची. चूल कोपीच्या तोंडाशी आणि सगळीकडे वाळलेले पाचट. त्यामुळे आगीची भीती, जमिनीवर निजल्याने सापा-विंचवाची भीती, आणि जुन्नर-शिरूरकडे उसातल्या बिबट्याची. तान्ह्या मुलाची झोळी तिथेच टांगलेली असते. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला, चौकशी समितीही नेमली गेली. डॉक्टरांकडे बोट दाखवणे सोपे होते. पण आडोसा आणि पाणी नसलेल्या जागी बाईने पाळीचे दिवस कसे काढायचे, हा प्रश्न मुळात निवाऱ्याचा होता.

सरकार घरे देत नाही असे मात्र कुणी म्हणू नये. पूर्वीची इंदिरा आवास आणि 2016 पासूनची प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात घरकुले देते. सपाट प्रदेशात एक लाख वीस हजारांचे साहाय्य आणि किमान 25 चौरस मीटरचे घर. पण साहाय्य हप्त्यांनी मिळते. पाया झाला, फोटो काढा. भिंती आल्या, फोटो काढा. मग पुढचा हप्ता. बांधकामाचा हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा आणि नेमका तोच ऊसतोडीचा. मुकादमाची उचल घेतलेला माणूस पाया भरायला गावी थांबणार कसा? तो परततो तेव्हा पावसाळा तोंडाशी आलेला असतो. घराची कल्पनाच एका जागी राहणाऱ्या माणसाला धरून केलेली आहे.

एका जागी राहणाऱ्या कष्टकऱ्यांची घरे उभी राहतात, हे सोलापूरने दाखवले आहे. शेजारच्या कुंभारीत विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली, ती 2006 मध्ये. पुढे रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये वाटल्या गेल्या. पण त्या बायका वर्षानुवर्षे एकाच शहरात होत्या आणि त्यांच्या पाठीशी लढाऊ संघटना होती. ऊसतोडवाल्यांच्या टोळ्या दरसाल विखुरतात.

मग फडावरच्या निवाऱ्याची जबाबदारी कुणाची? कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी आणि वाहतूकदाराशी. मुकादम म्हणतो, मी उचल वाटली, घरे कुठून बांधू? शेतकऱ्याचा ऊस तोडून झाला की त्याचा संबंध संपतो. कागदावर हा मजूर कारखान्याचा नोकरच नाही. 1979 च्या स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर निवासाची जबाबदारी टाकली होती, पण ती परराज्यात जाणाऱ्यांपुरती. म्हणजे बीडचा माणूस बेळगावला गेला तर तो कायदा लागू होई आणि कोल्हापूरला गेला तर होत नसे!

पैसा नाही, ही सबब आता पटणारी नाही. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावेत आणि तितकेच सरकारने घालावेत, असे ठरलेले आहे. हंगामात दहा कोटी टन गाळप झाले तर एकट्या कारखान्यांच्या वाट्याचे शंभर कोटी होतात. त्यातून मुलांची वसतिगृहे व्हावीत, हे उत्तमच. पण आईबाप आणि धाकटी भावंडे कोपीतच राहतात.

गाडी सेंटरचे मजूर हंगामभर कारखान्याजवळच्या एकाच तळावर असतात. तिथे ओटे, पत्र्याच्या पक्क्या खोल्या, दिवे, नळ आणि दारे असलेली न्हाणीघरे बांधणे अवघड नाही. दरवर्षी तीच जागा वापरात येते. शेताशेतातून हिंडणाऱ्या डोकी सेंटरच्या टोळ्यांचे काम कठीण. त्यांना उचलून नेता येतील असे निवारे आणि फिरती शौचालये लागतील. कारखान्याला दरसाल साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. तळाची पाहणी झाल्याशिवाय तो देऊ नये, एवढी एक अट घातली तरी मुकादम आणि कारखाना यांच्यातली टोलवाटोलवी थांबेल. आणि गावाकडच्या घरकुलाचे हप्ते देताना पंचायत समितीने हंगाम पाहावा. मजुराच्या गैरहजेरीत त्याच्या संमतीने गावातल्या बचत गटाकडे काम सोपवावे. त्यासाठी नवी योजना काढायची गरज नाही.